जपानचे लोहपुरुष आणि आपली घरे

ऐंशीच्या दशकात घरोघरी दूरदर्शन ही एकच वाहिनी होती. त्या काळात 'जायंट रोबोट' नावाची एक जपानी मालिका इंग्रजी संवादांसह दाखविली गेली. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या आणि आपापल्या पेढ्या सांभाळणाऱ्या अनेक गृहस्थांना ती अजूनही स्मरते. मनगटावरच्या घड्याळात बोलून महाकाय रोबोला आज्ञा देणारा जॉनी सोको हा मुलगा त्या वेळी गल्लोगल्लीच्या पोरांचा नायक होता. ज्यांनी अखेरचा भाग पाहिला ते तो सहसा विसरत नाहीत. आयुष्यभर आज्ञेबरहुकूम चालणारा तो पोलादी देह अखेरच्या क्षणी मुलाची आज्ञा प्रथमच डावलतो, शत्रूला कवटाळून अवकाशात झेपावतो आणि उल्केवर आदळून स्वतःही नाहीसा होतो. मूळ जपानी मालिका १९६७ सालची. तीत चित्रे नव्हती, पोशाख चढविलेली माणसे होती. परंतु ज्या चित्रकथाकाराच्या कल्पनेतून ती जन्मली त्या मित्सुतेरू योकोयामा यांच्यापासूनच महारोबोंच्या चित्रपरंपरेचा आरंभ होतो.

पुढे १९९३ मध्ये दूरदर्शननेच 'जंगल बुक' दाखविले. मोगलीची ती मालिकाही जपानमध्ये तयार झालेली होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सांगण्याचा हेतू हा की, जपानी चित्रमालिका, ज्यांना आजची मुले 'ॲनिमे' म्हणतात, आपल्या घरांत काल-परवा शिरलेल्या नाहीत.

या सदराच्या निमित्ताने भेटणारे पालक आणि त्यांची महाविद्यालयीन मुले अलीकडे परस्परांविरुद्ध तक्रारी मांडतात. मुलांचे म्हणणे असे : नव्या ॲनिमे मालिका आम्ही आवडीने पाहतो, त्यांचे मूळ म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या महारोबो मालिकांची नावे घेतली जातात, आम्ही त्या पाहू लागतो आणि दुसऱ्याच भागात कंटाळून बंद करतो. वडिलधाऱ्यांचे म्हणणे असे की, यंत्रांच्या मारामाऱ्यांत पाहण्यासारखे आहेच काय? दोन्ही तक्रारींना एकाच लेखात उत्तर देता येईल असे वाटल्यामुळे हा विषय घेतला आहे.

योकोयामा यांचा जन्म १९३४ चा, कोबे शहरातला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना इतर असंख्य शाळकरी मुलांप्रमाणे शहराबाहेर दूर पाठविले गेले होते. युद्ध संपल्यावर ते परतले तेव्हा अमेरिकी बाँबफेकीने कोबे जळून सपाट झाले होते. आकाशातून आलेल्या यंत्रांनी आपले गाव नाहीसे केले, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात घर करून बसली. जर्मनीच्या उडत्या बाँबच्या बातम्या आणि फ्रँकेन्स्टाईनचा चित्रपट यांची तीत भर पडली. या सर्वांतून १९५६ साली 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा अवतरली. 'तेत्सुजिन' या शब्दाचा अर्थच लोखंडी माणूस. कथेप्रमाणे जपानी सैन्याने युद्धाच्या शेवटी गुप्तपणे घडविलेले हे अठ्ठाविसावे यंत्र असते. युद्ध संपते आणि त्याचे प्रयोजनच उरत नाही. ते शोतारो नावाच्या एका लहान मुलाच्या हाती येते.

यातील मर्म असे की या लोहपुरुषाला स्वतःचे मन नाही. एक लहानशी पेटी आहे, तिच्यावर दोन दांड्या. ती पेटी शोतारोच्या हातात असेल तोवर यंत्र दुबळ्यांचे रक्षण करते. चोराने पळविली की तेच यंत्र चोराचे काम तितक्याच निष्ठेने बजावते. कथेतील जवळजवळ प्रत्येक संकट या पेटीच्या मालकीवरून उद्भवते. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे का असतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या कथेची धार सांगावी लागत नाही.

१९६३ च्या ऑक्टोबरात ती चित्रकथा दूरचित्रवाणीवर हालती-बोलती झाली. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोम', अर्थात पोलादी बाहूंचा आतोम, ही मालिका सुरू झालेली होती. दर आठवड्याला अर्ध्या तासाचे हाताने रंगविलेले चित्रण देणे हे त्या वेळी जवळजवळ अशक्य मानले जाई. ते शक्य झाले ते काटकसरीमुळे. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. तेझुका यांच्या कारखान्यात एकच चित्र तीन-तीन चौकटींसाठी वापरीत, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. पात्र बोलत असेल तर केवळ ओठ हलवीत. शिवाय धावण्याची, उडण्याची एकदा काढलेली दृश्ये जपून ठेवून पुढच्या भागांत पुन्हा काढून वापरीत. या साठ्याला जपानी चित्रकारांनी कोणता शब्द योजला असावा? 'बँक'! पस्तीस वर्षे ज्या व्यवसायात घालविली त्याचे नाव इतक्या दूरच्या धंद्यात भेटले तेव्हा प्रस्तुत लेखकाला मौज वाटली. ठेव एकदाच, आणि उचल मात्र दर आठवड्याला. अशी ठेव आमच्या कोणत्याही शाखेत स्वीकारली गेली नसती.

आजच्या तरुण प्रेक्षकाला जो कंटाळा येतो त्याचे एक कारण या बँकेत आहे. वैमानिक धावत जातो, यंत्राचे भाग एकमेकांना जोडले जातात, तलवार उगारली जाते, हे सारे दर भागात तंतोतंत तसेच. एका बैठकीत आठ भाग पाहणाऱ्याला ते असह्य होणारच. मूळ प्रेक्षक मात्र सात दिवस वाट पाहून तेवढ्याच क्षणासाठी दूरचित्रवाणीसमोर बसणारा मुलगा होता. नाटकाची नांदी रोज तीच असते म्हणून कोणी उठून जात नाही. यावर उपाय साधा आहे : दिवसाला दोन भागांहून अधिक पाहू नयेत. गती वाढवून पाहण्याची सोय यंत्रात असते, ती वापरू नये. संथपणा हा त्या चित्रांच्या श्वासाचाच भाग आहे.

कंटाळ्याचे दुसरे कारण व्यापारी वाचकांना अधिक लवकर उमगेल. तेझुका यांनी आपली मालिका उत्पादनखर्चापेक्षा कमी दराने वाहिनीला विकली. तोटा भरून निघाला तो आतोमच्या चित्रांच्या परवान्यातून. मालिकेचा प्रायोजक चॉकलेट बनविणारा होता आणि त्याच्या डबीत आतोमची चिकटचित्रे मिळत. धुण्याच्या पावडरीबरोबर बादली देणारे आपले दुकानदार जे करतात तेच. फरक इतकाच की तेथे हळूहळू बादलीच मुख्य माल झाली. १९७२ साली गो नागाई यांची 'माझिंगर झेड' आली. वाहनांच्या कोंडीत अडकलेल्या नागाई यांना असे सुचले की, आपल्या गाडीला हातपाय फुटून ती पुढच्या गाड्यांवरून चालत गेली तर किती बरे होईल. त्यातून, रोबोच्या मस्तकात बसून त्याला चालविणारा पहिला लोकप्रिय नायक जन्मला. तेत्सुजिनची पेटी चोरता येत असे. आता चालक आणि यंत्र एकच झाले. नायकाचे आजोबा ते यंत्र त्याच्या स्वाधीन करताना म्हणतात की, याच्या बळावर तू देवही होऊ शकशील आणि दैत्यही. ९२ भाग चाललेल्या या मालिकेतील मिश्रधातूचे नाव घेऊन १९७४ साली धातूची खेळणी बाजारात आली आणि अमाप खपली. तेव्हापासून खेळणी बनविणारा सांगू लागला की, रोबो कसा दिसावा, त्याचे किती तुकडे सुटे व्हावेत, नवे शस्त्र कोणत्या महिन्यात यावे.

म्हणून जुनी महारोबो मालिका पाहताना एक जुनी खातेवही समोर आहे असे मानावे. काही नोंदी दुकानाच्या आहेत, काही कथेच्या. दोन्ही ओळखता येऊ लागल्या की कंटाळा बराच ओसरतो, आणि दुकानाच्या नोंदींमध्ये दडवून लेखकाने काय लिहून ठेवले आहे ते दिसू लागते.

या दृष्टीने सर्वांत समृद्ध वही १९७९ सालची आहे : 'मोबाईल सूट गंडम'. (आपल्या घरातील शिनचान पाहणाऱ्या नातवंडांना 'कंतम रोबो' ठाऊक असेल. ते याच गंडमचे विडंबन आहे. विडंबन पाठ आणि मूळ अज्ञात अशी ही गमतीची स्थिती आहे.) दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांना युद्धात सापडलेल्या किशोरांची गोष्ट सांगावयाची होती. क्लोव्हर या खेळणी-कंपनीला विकण्याजोगा रोबो हवा होता. गंडमच्या अंगावर लाल, निळा, पिवळा असे भडक रंग आहेत ते कारखान्याच्या आग्रहाचे. मालिकेच्या मध्यावर अचानक एक जोडवाहन प्रकट होते आणि रोबोचे निरनिराळे भाग त्याला जोडता येऊ लागतात, तेही विक्री वाढावी म्हणूनच. पुढे मालिकेवरून चित्रपट करण्याची संधी आली तेव्हा तोमिनो यांनी ते वाहन सरळ गाळून टाकले. दुकानाची नोंद कोणती आणि कथेची कोणती, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

इतके करूनही खेळणी खपली नाहीत. मालिकेचे ५२ भाग ठरले होते, ते ४३ वर आटोपते घेण्यात आले आणि जानेवारी १९८० मध्ये ती संपली. त्यानंतर जे घडले ते वाणिज्यशाखेच्या वर्गात शिकविण्याजोगे आहे. क्लोव्हर लहान मुलांसाठी धातूची चकचकीत खेळणी विकत होती. मालिका मात्र शाळेच्या वरच्या वर्गांतील आणि महाविद्यालयातील मुले पाहत होती. गिऱ्हाईक कोण, हेच मुळी कारखान्याने पारखले नव्हते. पुनःप्रक्षेपणांतून लोकप्रियता वाढत गेली. बांदाई या दुसऱ्या कंपनीने जुलै १९८० मध्ये प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा गंडम आणला. मूळ आकाराच्या १४४ पटींनी लहान, स्वतः जोडावयाचा, कथेतील यंत्राशी इमान राखणारा आणि किंमत ३०० येन, म्हणजे मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारी. दुकानांपुढे रांगा लागल्या. १९८२ च्या जानेवारीत एका मोठ्या दुकानात मुलांची चेंगराचेंगरी होऊन काही जखमीही झाली. १९८१-८२ मध्ये तीन चित्रपट आले. क्लोव्हरचे १९८३ मध्ये दिवाळे निघाले. बांदाईचा तो माल आजही जगभर विकला जातो. पहिल्या तिमाहीचे आकडे पाहून खाते बंद करणाऱ्या अधिकाऱ्यांना हे उदाहरण दाखवावेसे वाटते.

परंतु ज्यासाठी ही मालिका पाहावी ते या जमाखर्चापलीकडचे आहे.

कथेच्या आरंभीच निवेदक सांगतो की, पृथ्वीचे शासन आणि अंतराळातील झिऑन हे राज्य यांच्या युद्धात महिन्याभराच्या अवधीत निम्मी मानवजात संपली. आमुरो हा पंधरा वर्षांचा मुलगा, वडिलांनी ज्यावर काम केले त्या यंत्रात जीव वाचविण्यासाठी शिरतो. निर्वासितांनी भरलेले एक जहाज पळत सुटते. त्यावरची मोठी माणसे बहुतेक मेलेली, त्यामुळे मुलेच जहाज हाकतात, आजाऱ्यांना सांभाळतात आणि लढतात. सोळाव्या भागात जहाजावरचे मीठ संपते. आचारी येऊन सांगतो की मीठ नाही, आणि साऱ्या युद्धाला बाजूला सारून मिठाचा शोध सुरू होतो. धान्याच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या वाचकांनी हा भाग आवर्जून पाहावा. अंतराळयुद्धाच्या किती कथांत कोणाला मीठ आठवले असेल?

आमच्या घरी ही मालिका नातवाबरोबर पाहिली गेली. तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ लांब असते. चातुर्मासात रोज दोन भाग याप्रमाणे बावीस संध्याकाळी पुरल्या. पहिल्या चार दिवसांत तो दोनदा उठून गेला. तेराव्या भागानंतर उठला नाही.

तेराव्या भागात आमुरो आपल्या आईला भेटतो. ती निर्वासितांच्या छावणीत सेवा करीत असते. शत्रूचे शिपाई झडती घेत येतात, आई मुलाला आजाऱ्यांच्या खाटेवर लपविते. शिपाई पांघरुणाकडे हात नेतो तेव्हा आमुरो आतून गोळी झाडतो. आईचा जीव वाचतो, मुलाचाही. परंतु आई कोसळते ती भीतीने नव्हे. समोर पडलेल्या त्या माणसालाही कोणी आप्त असतील हे तिला दिसते आणि आपला मुलगा तिला ओळखू येईनासा होतो. मुलगा म्हणतो की मी मारले नसते तर आपण मेलो असतो. दोघांचेही बोलणे खरे आहे आणि दोघांनाही एकमेकांचे पटत नाही. तो जहाजावर परत जातो आणि ती मागे रडत राहते. मुलांसाठीच्या, खेळणी विकण्यासाठी केलेल्या मालिकेत हे दृश्य आहे. हिंसेविषयी ज्या घरांत रोज बोलले जाते अशा आपल्या घरांत त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ निघेल. आमच्याकडे त्या रात्री साडेदहा वाजले.

पंधरावा भाग त्याहून विलक्षण, आणि चित्रणाच्या दृष्टीने फार ओबडधोबड. यंत्रांची प्रमाणे बिघडलेली, झाकू नावाच्या शत्रुयंत्राचा चेहरा वाकडा. तोमिनो यांना तो इतका खटकला की परदेशांसाठीच्या आवृत्तीतून तो गाळला गेला. तीन चित्रपटांतही त्याला स्थान नाही. आजच्या मुलांना ती चित्रे पाहून हसू येते. हसून झाल्यावर कथेकडे पाहावे. डोआन नावाचा शत्रुपक्षाचा शिपाई सैन्यातून पळून एका बेटावर राहतो आणि काही अनाथ मुलांना सांभाळतो. त्या मुलांचे आईबाप त्याच्याच हल्ल्यात मेलेले आहेत, हे तो आमुरोला सांगतो. मुलांनाही संपविण्याची आज्ञा झाली तेव्हा त्याचा हात उचलला नाही. आता त्याचे जुने सैन्य त्याला शोधीत येते आणि तो मुलांच्या रक्षणासाठी आपले जुने यंत्र पुन्हा पुन्हा बाहेर काढतो. लढाई संपल्यावर आमुरो काय करतो? डोआनचे यंत्र उचलून समुद्रात बुडवितो. तुमच्या अंगाला लढाईचा वास आहे आणि शत्रू त्या वासाने येतो, असे त्याचे म्हणणे. मुले प्रथम संतापतात, कारण आपले संरक्षणच गेले असे त्यांना वाटते. डोआनला मात्र पटते. मूळ मालिकेत पात्रांची रेखाटने करणारे योशिकाझू यासुहिको यांना ही कथा इतकी वर्षे सोडीना. २०२२ साली त्यांनी याच अर्ध्या तासाच्या भागावर संपूर्ण चित्रपट दिग्दर्शित केला. आधी जुना भाग आणि नंतर नवा चित्रपट असा क्रम ठेवावा. वाकड्या रेषांतही गोष्ट किती सरळ उभी होती हे तेव्हाच कळते.

पुढे वाळवंटातील एका खाणावळीत आमुरोची गाठ शत्रूचा सेनानी रांबा राल याच्याशी पडते. त्याच्या सोबतची बाई या उपाशी मुलाला जेवू घालू पाहते. मुलगा बाणेदारपणे नाकारतो आणि रालला त्याचा स्वभाव आवडून जातो. लवकरच ते दोघे आपापल्या यंत्रांत बसून एकमेकांसमोर येणार असतात. यंत्राच्या आत कोण बसले आहे हे एकदा पाहिल्यावर पुढची लढाई पाहणे अवघड होऊन जाते, आणि तोमिनो यांना तेच हवे होते.

काही जाणकार तरुणांना सरळ तीन चित्रपट पाहण्याचा सल्ला देतात. वेळ वाचतो हे खरे. आईचा प्रसंग पहिल्या चित्रपटात आहेही. पण डोआन जातो, छोट्या निर्वासितांचे रोजचे जगणे आक्रसते. माझ्या मते पहिले पंधरा भाग पाहावेत. त्यानंतरही रुची लागली नाही तर बिनदिक्कत सोडून द्यावे. संवाद मूळ जपानीत ऐकून खालची भाषांतराची पट्टी वाचावी. बारा वर्षांखालील मुलांना ही मालिका दाखवू नये. तीत मृत्यू आहेत आणि ते मृत्यूसारखेच दाखविले आहेत.

यावर वडिलधाऱ्यांचा आक्षेप येतो की, मग दाखवावेच कशाला? आक्षेप नवा नाही. आपल्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला तेव्हा भीमाने कीचकाचे मस्तक तोडण्याचे दृश्य इतके खरे वाटले की ते कापावे लागले. दूरच्या फिलिपाईन्समध्ये तर एका महारोबो मालिकेसाठी राष्ट्राध्यक्षाने फर्मान काढले. 'व्होल्टेस फाईव्ह' ही १९७७ सालची जपानी मालिका तेथे विलक्षण लोकप्रिय होती. काही पालकांनी हिंसेविषयी तक्रार केली. १९७९ च्या ऑगस्टमध्ये फर्डिनंड मार्कोस यांनी ती आणि तिच्यासारख्या मालिका बंद केल्या, नेमके अखेरचे थोडे भाग शिल्लक असताना. मालिकेची कथा अशी की, शिंगे असलेले सरदार बिनशिंगाच्या प्रजेला गुलाम करतात आणि शेवटी गुलाम उठाव करतात. त्या देशात तेव्हा लष्करी कायदा होता. बंदीचे खरे कारण हिंसा होते की उठाव, यावर तेथील लोक आजही बोलतात. शेवट न पाहिलेली ती मुले मोठी झाली, मार्कोस १९८६ मध्ये देश सोडून गेले, आणि २०२३ साली तेथील वाहिनीने त्याच कथेवर स्वतःची भव्य मालिका केली.

बंदी घातली की मुले शेवट स्वतःच शोधून काढतात. तो शोध आता मुलाच्या खिशातील मोबाईलवर, रात्री बारा वाजता, एकट्याने चालतो. संध्याकाळी सात वाजता शेजारी बसून पाहणे मला अधिक सुरक्षित वाटते.

तरुणांना आणखी एक सांगणे. तुमच्यापैकी बहुतेक जण १९९५ च्या 'इव्हँजेलिऑन'पासून आरंभ करतात, कारण त्याची कीर्ती मोठी आणि ती सहज मिळते. हिदेआकी आन्नो यांची ती २६ भागांची मालिका श्रेष्ठ आहे यात शंका नाही. पण तिचा नायक रोबोत बसायला नकार देतो, तेव्हा त्या नकाराला वजन येते ते आधी बत्तीस वर्षे मुले निमूटपणे रोबो चालवीत आली म्हणून. आन्नो स्वतः त्याच मालिका पाहत वाढलेले. आधी मूळ कर्ज समजून घ्यावे, मग फेड पाहावी.

ज्या कोबेपासून हे सारे सुरू झाले तेथे आता त्या पहिल्या लोहपुरुषाचा पुतळा आहे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंपाने ते शहर दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाले. ६,४०० हून अधिक माणसे दगावली. नागाता हा भाग आगीत विशेष होरपळला. आपल्याकडे जशी चप्पल ओळ, तसा तो भाग पादत्राणांच्या लहानलहान कारखान्यांसाठी आणि दाटीवाटीच्या बाजारपेठेसाठी ओळखला जाई. कारखाने जळाले, गिऱ्हाईक दुसरीकडे वळले, इमारती नव्याने उभ्या राहिल्या तरी दुकानांत पूर्वीची वर्दळ परतेना. २०१९ च्या महापुरानंतर ज्यांनी शाहूपुरीतील आपल्या दुकानांतील गाळ उपसला आहे त्यांना ही अवस्था परकी वाटणार नाही. चौदा वर्षे उलटल्यावर तेथील व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी पुढाकार घेतला, शहराने हातभार लावला आणि २००९ साली स्थानकाजवळच्या उद्यानात तेत्सुजिन उभा राहिला : सुमारे पन्नास टन पोलादाचा, ताठ उभा राहिला तर अठरा मीटर भरेल असा, पण पाय फाकून, एक मूठ पुढे उगारून किंचित वाकलेला. योकोयामा तो पाहावयास नव्हते. २००४ साली त्यांचे निधन झाले होते. पुतळ्यापाशी छायाचित्र काढावयास दूरदूरची माणसे येतात आणि परतताना बाजारातून काही ना काही घेऊन जातात.